पाळक नसलेल्या दिवसांतली मंडळी

चार मराठी माणसं जमली, की "काय मंडळी!" म्हटल्याशिवाय आपली सुरुवात होत नाही. मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. "तुमची मंडळी कोणती?" असं एका ख्रिस्ती माणसानं दुसऱ्याला विचारलं, तर तो घरच्या मंडळींची खुशाली विचारत नसतो आणि चर्चच्या इमारतीचा पत्ताही विचारत नसतो. रविवारी तू कोणाबरोबर उपासनेला बसतोस, हे तो विचारत असतो. मंडळी म्हणजे ती माणसं. त्यांचा सांभाळ करणारा तो पाळक. शब्द मेंढपाळाकडून आलेला आहे.

आता पाळक गेला आणि नवा अजून आला नाही, तर मधल्या दिवसांत त्या माणसांनी काय करायचं? आज त्याबद्दल थोडं लिहायचं आहे. आपल्या वाचकांत ख्रिस्ती घरं थोडी आहेत आणि तीही जर्मनीभर विखुरलेली. तरी हा विषय फक्त त्यांचा नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुलं चर्चच्या किंडरगार्टनमध्ये जातात. तिथल्या मंडळीला पाळक नसला, की एखादी सही, एखादी नेमणूक अडून राहते आणि मग हिंदू आईबापांच्याही कानावर तो शब्द येतो: वाकान्त्स. म्हणजे जागा रिकामी आहे.

जागा रिकामी आहे, हे खरं. पण मंडळी रिकामी नाही. हे म्हणायला सोपं आहे, निभवायला कठीण. ते कसं निभावतं आणि कुठे फसतं, हे पाहू.

जर्मन व्यवस्था

इथलं प्रोटेस्टंट चर्च, म्हणजे इव्हांजेलिशे किर्श, हे एकच एक संस्थान नाही. २० प्रांतिक चर्चेसचा तो संघ आहे. त्यामुळे प्रांत बदलला की शब्द बदलतात. मंडळीनं निवडून दिलेल्या पंचांना व्युर्टेम्बर्गमध्ये किर्शनगेमाइंडेराट म्हणतात, बव्हेरिया आणि हॅनोव्हरकडे किर्शनफोरश्टांड, ऱ्हाइनलँड आणि वेस्टफालियात प्रेस्बिटेरिउम, तर बर्लिनकडे गेमाइंडेकिर्शनराट. नावं चार, काम एक. आपल्याकडच्या पास्टरेट कमिटीची ही भावंडं समजा. फरक इतकाच, की इथे त्यांच्या हाती इमारती, नोकरमाणसं आणि अंदाजपत्रक असं बरंच काही असतं.

पाळक निवृत्त झाले, दुसरीकडे गेले किंवा दीर्घ आजारी पडले, की त्या भागाचे प्रमुख (दक्षिणेत डेकान, ऱ्हाइनलँडकडे सुपरइंटेंडेंट) शेजारच्या मंडळीच्या पाळकाकडे तात्पुरता कारभार सोपवतात. हे पाळक पुष्कळदा बाई असतात, हेही इथे आता नवल राहिलेलं नाही. तात्पुरत्या पाळकाला स्वतःची मंडळी असतेच, वर ही दुसरी. म्हणून कामांचा क्रम लागतो. अंत्यविधी आधी, मग बाप्तिस्मे आणि लग्नं, मग पंचांच्या सभा. घरोघरच्या भेटी, वाढदिवसाला आजीआजोबांकडे जाणं, तरुणांचा गट, या गोष्टी मागे पडतात. आणि खरं सांगायचं, तर सामान्य माणसाला पाळकाची आठवण नेमकी याच गोष्टींसाठी येते.

रविवारची उपासना मात्र सहसा बंद पडत नाही. निवृत्त पाळक येतात. त्याखेरीज इथे दोन प्रकारचे बिनपगारी सेवक तयार केलेले असतात. लेक्टर हा दुसऱ्यानं लिहून दिलेला उपदेश वाचून उपासना चालवतो. प्रेडिकांट पुढची पायरी. त्याचं शिक्षण जास्त असतं आणि तो स्वतःचा उपदेश तयार करतो. दिवसा हे लोक शिक्षक असतात, बँकेत किंवा इस्पितळात कामाला असतात.

नवा पाळक कसा येतो, याचे नियमही प्रांतागणिक वेगळे. जागेची जाहिरात निघते, अर्ज येतात, उमेदवार येऊन उपासना घेतो, मंडळी ऐकते, मग पंच मतदान करतात. काही प्रांतांत एका वेळी मंडळी निवडते आणि पुढच्या वेळी वरचं कार्यालय नेमतं. अर्ज लवकर आले तर काही महिन्यांत काम होतं, नाहीतर वर्ष उलटून जातं. १९५५ ते १९६९ च्या काळात जन्मलेली पाळकांची मोठी पिढी आता निवृत्त होत आहे आणि मागून येणारे थोडे आहेत. तेव्हा हे मधले दिवस यापुढे लांबतच जाणार.

कॅथलिक घरांची गोष्ट निराळी. तिथे मंडळी निवडणूक करत नाही, बिशप नेमतात. धर्मगुरूची जागा रिकामी झाली, की बिशपांनी लवकरात लवकर तात्पुरता कारभारी धर्मगुरू नेमावा, असा चर्चचा कायदाच आहे. जर्मनीत कितीतरी ठिकाणी हे काम भारतातून आलेले, विशेषतः केरळचे फादर करतात. आपल्या वसईकडच्या घरांना फादर बदलून जाण्याची सवय असते. पण तिथे जुने गेले की नवे येतात. इथे जुने गेले, की चार गावांच्या चार मंडळ्या मिळून एक होतात. हा धक्का वेगळा आहे.

नगरची छावणी आणि रांचीची मंडळी

"पाळकावाचून मंडळी" या विषयातला सगळ्यात मोठा धडा जर्मनी आणि हिंदुस्थान यांच्यामध्येच घडलेला आहे आणि त्याचा एक धागा आपल्या नगरमधून जातो. आज ज्याला आपण अहिल्यानगर म्हणतो, तेच अहमदनगर.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. हिंदुस्थानात त्या वेळी जर्मन मिशनांची मोठी कामं होती. बासल मिशनची माणसं मंगळूर, मलबार आणि धारवाड-हुबळीकडे होती. यांतल्या धारवाडच्या भागाला ते आपल्या कागदपत्रांत "दक्षिण मराठा" मुलूख म्हणत. बर्लिनच्या गोस्नर मिशनची माणसं छोटा नागपूरमध्ये, रांचीच्या आसपासच्या उरांव आणि मुंडा लोकांत होती. युद्ध पेटताच ही सगळी माणसं इंग्रज सरकारच्या लेखी शत्रूराष्ट्राची प्रजा ठरली. लष्करात जाण्याच्या वयाच्या जर्मन पुरुषांना उचलून नगरच्या छावणीत ठेवण्यात आलं. त्यांत व्यापारी होते, इंजिनियर होते आणि मिशनरीही होते. १९१५ च्या अखेरीस आणि १९१६ मध्ये "गोलकोंडा" नावाच्या जहाजातून पुष्कळ मिशनरी कुटुंबांना युरोपात परत धाडलं गेलं.

योगायोग पाहा. ज्या नगरमध्ये हे जर्मन पाळक कैदेत होते, ते गाव मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचं मोठं केंद्र. आणि तिकडे रांचीला लाखाच्या आसपास माणसांची मंडळी एकाएकी वडीलधाऱ्यांवाचून उभी राहिली.

गोस्नर मिशनचे पहिले चार मिशनरी १८४५ मध्ये रांचीला पोचले होते. १८५० मध्ये पहिले बाप्तिस्मे झाले. पुढच्या ६०-६५ वर्षांत शाळा, दवाखाने, सेमिनरी असा पसारा वाढला. देशी पाळक होते, पण पैसा बर्लिनहून यायचा आणि शेवटचा शब्द जर्मन माणसाचा असायचा. १९१५ मध्ये दोन्ही एकदम थांबलं. मदतीला आले छोटा नागपूरचे अँग्लिकन बिशप फॉस वेस्टकॉट. शाळा आणि मालमत्तेची देखरेख त्यांच्याकडे आली. ही मदत मोलाची होती. पण रोजची उपासना, बाप्तिस्मे, मयती, भांडणं मिटवणं, हे सगळं देशी पाळकांनी आणि गावच्या वडिलांनी ओढलं.

युद्ध संपल्यावर प्रश्न उभा राहिला, की पुढे काय? रस्ते तीन होते. अँग्लिकन चर्चमध्ये सामील व्हायचं, दुसऱ्या लुथरन मिशनच्या छत्राखाली जायचं किंवा आपलं आपण उभं राहायचं. १० जुलै १९१९ रोजी या मंडळीनं तिसरा रस्ता धरला आणि स्वतःला स्वायत्त चर्च म्हणून जाहीर केलं. पहिले अध्यक्ष झाले पाळक हानुख दत्तो लकडा, चिटणीस झाले पीटर हुराड. तेच आजचं गोस्नर एव्हांजेलिकल लुथरन चर्च. बर्लिनच्या गोस्नर मिशनशी त्यांचं नातं आजही आहे, पण ते आता मालक-आश्रिताचं नाही.

या गोष्टीला एक जुनी बाजू आहे, ती सांगितल्याशिवाय धडा पुरा होत नाही. हीच मंडळी १८६९ मध्ये फुटली होती. तेव्हा पाळक नव्हते असं नाही, उलट दोन गट होते. जुने मिशनरी आणि बर्लिनहून आलेले नवे, यांच्यात बेबनाव झाला. जुन्यांपैकी काही जण अँग्लिकन चर्चमध्ये गेले आणि त्यांच्यामागे हजारो माणसं गेली. म्हणजे पाळक भरपूर असताना मंडळी फुटली आणि पाळक काढून नेल्यावर ती एक राहिली. १८६९ मध्ये लोक माणसांना धरून होते. १९१९ पर्यंत ते मंडळीला धरून राहायला शिकले होते. सगळं मर्म इथे आहे, असं मला वाटतं.

नगरकर आधीच काय शिकले होते

आपल्या मराठी मुलखात हा विचार त्याहून जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईला आले, १८३१ मध्ये नगरला. १८५४ मध्ये नगरच्या मंडळ्यांसाठी हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. त्याच सुमारास मिशनचे बॉस्टनचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले होते. त्यांचं म्हणणं असं, की मंडळीनं आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण भागवावा आणि आपला प्रसार आपण करावा. मिशनरी हा पाहुणा आहे, त्यानं कधीतरी निघून जायचंच आहे. बोलणं सोपं होतं. प्रत्यक्षात मिशनचा पगार आणि मिशनचा बंगला यांच्या सावलीत पुढच्या दोन-तीन पिढ्या गेल्या.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ही सावली सहन झाली नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला "देवाचा दरबार" उभा करायचा खटाटोप केला. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले, म्हणजे रांचीच्या स्वायत्ततेच्या दोन महिने आधी. दरबार फार टिकला नाही. पण त्यांची भजनं टिकली. उपदेशाला पाळक लागतो, भजनाला पेटी, टाळ आणि चार गळे पुरतात. खेडोपाडीच्या ज्या मंडळ्यांना महिनोन्‌महिने पाळकाचं तोंड दिसत नसे, त्यांची उपासना या भजनांवर चालली. मंडळीच्या तोंडी तिची स्वतःची भाषा आणि स्वतःची गाणी असली, की ती कोणाची वाट पाहत बसत नाही.

इथेही हेच घडलं

जर्मन माणसाला हा धडा दुसऱ्या महायुद्धात मिळाला. हजारो पाळक आघाडीवर गेले, काही नाझी राजवटीच्या तुरुंगात होते. मंडळ्या चालवल्या त्या पाळकांच्या बायकांनी, वडिलांनी आणि धर्मशास्त्र शिकलेल्या तरुण बायकांनी. या बायकांना फिकारिन म्हणत. परीक्षा पुरुषांच्या बरोबरीनं दिलेली असली, तरी त्यांनी लहान मुलं आणि बायकांपुरतंच काम करावं, अशी तोवरची रीत होती. १२ जानेवारी १९४३ रोजी बर्लिनजवळच्या साक्सनहाउझन गावी पाळक कुर्ट शार्फ यांनी इल्झे हेर्टर आणि हानेलोटे रायफन या दोघींना पुरुषांप्रमाणेच पाळकपदाची दीक्षा दिली. युद्ध संपल्यावर पुरुष परतले आणि पुष्कळ बायकांना पुन्हा मागे सारण्यात आलं, हेही खरं. पण मंडळीनं जे पाहिलं ते पाहिलं. आज इथे कुठल्याही उपासनेला पाळकीणबाई उभ्या दिसतात, त्याची एक वाट त्या रिकाम्या जागांतून आलेली आहे.

मग करायचं काय?

अमेरिकेत लॉरेन मीड या धर्मगुरूंनी १९७४ मध्ये आल्बन इन्स्टिट्यूट नावाची संस्था काढली. तिच्या आसपास या मधल्या काळाचा पुष्कळ विचार झाला. तिथे अनेक चर्चेसमध्ये खास मधल्या काळापुरता पाळक नेमतात आणि बहुतेक ठिकाणी त्याला कायमच्या जागेसाठी उभं राहता येत नाही. कारण उघड आहे. ज्याला खुर्ची हवी आहे, तो कटू गोष्टी बोलणार नाही. या लोकांनी मंडळीपुढे पाच कामं ठेवली: आपला मागचा इतिहास नीट पाहणं, आज आपण कोण आहोत हे ठरवणं, कामाची सूत्रं नव्या हातांत जाऊ देणं, मोठ्या चर्चशी नातं पुन्हा जोडणं, आणि नव्या पाळकाला मनापासून स्वीकारायची तयारी करणं.

जर्मनीतल्या मंडळीच्या दृष्टीनं त्याचा साध्या भाषेत अर्थ असा.

निरोप नीट द्या. जाणाऱ्या पाळकाशी पटलं नसलं, तरी निरोपाची उपासना, कॉफी आणि केक, दोन शब्द, हे झालंच पाहिजे. अर्धवट निरोप पुढच्या माणसाच्या अंगावर येतो. आणि निरोप दिल्यावर त्यांना खरोखर जाऊ द्या. जुन्या पाळकांनी मागच्या मंडळीत परस्पर लग्नं आणि मयती करू नयेत, असा इथला संकेत आहे. "आमचं त्यांच्याशी घरचं नातं आहे" म्हणून आग्रह धरला, की नव्या माणसाचे पाय रोवत नाहीत.

पहिल्या आठवड्यात चार गोष्टींचा पत्ता लावा: किल्ल्या, हिशेब, नोंदवह्या आणि फोन. कोणती किल्ली कोणाकडे, बिलांवर सही कोणाची, बाप्तिस्मा-लग्नाच्या वह्या कुठे, आणि रात्री कोणी फोन केला तर तो कुठे वाजतो. पाळक एकटे सांभाळत होते अशा कितीतरी बारीक गोष्टी ते गेल्यावरच कळतात. त्या कागदावर उतरवा. कार्यालयातल्या सेक्रेटरीबाई आणि चर्च उघडणारा मेस्नर या दोघांकडे निम्मी माहिती असते, त्यांना विचारा.

आजारी आणि दुःखी माणसांची यादी करा. उपासना एखादा रविवार चुकली तर निभतं, पण मरणाच्या दारातल्या माणसाकडे कोणी गेलं नाही, तर ते घर वर्षानुवर्षं विसरत नाही. पंचांनी गल्ल्या वाटून घ्याव्यात. भेटीला जायला दीक्षा लागत नाही. आजाऱ्याजवळ बसून कोणीही प्रार्थना करू शकतो. जीव धोक्यात असेल, तर बाप्तिस्माही कोणीही ख्रिस्ती माणूस देऊ शकतो. मागाहून तो चर्चच्या कार्यालयात कळवायचा असतो. नवजात बाळ काचेच्या पेटीत असताना हा नियम माहीत असणं आणि नसणं यात फार मोठं अंतर आहे. मोठ्या इस्पितळांत बहुधा स्वतंत्र पाळक असतात, त्यांना नर्सकरवी बोलावता येतं. आणि रात्री अपरात्री मन फारच खचलं, तर टेलिफोनझेलझोर्गे आहे. क्रमांक ०८०० १११०१११, फुकट, चोवीस तास. ही सेवा दोन्ही चर्चेस मिळून चालवतात आणि कोणाचा धर्म विचारत नाहीत. हिंदू घरांनीही हा क्रमांक लिहून ठेवावा.

मुलांचं काही थांबवू नका. कोन्फिरमात्सिओनची, म्हणजे दृढीकरणाची, मुलं चौदाच्या आसपासची असतात. त्यांचं एक वर्ष मोडलं, तर ती परत येत नाहीत. शेजारच्या मंडळीच्या वर्गात त्यांना एकत्र पाठवता येतं.

जुनी भांडणं बाहेर येतील, तेव्हा घाबरू नका. पाळकाच्या धाकानं झाकलेल्या गोष्टी या दिवसांत उघड्या पडतात. ऑर्गन की गिटार, हॉल भाड्यानं द्यायचा की नाही, कोणाच्या आजोबांनी जमीन दिली. हे पंचांपुढे उघडपणे बोलावं. पार्किंगमध्ये बोलू नये. ठरवण्यासारखं तेवढं ठरवावं, बाकीचं नव्या पाळकासाठी लिहून ठेवावं. मोठे, परत न फिरवता येणारे निर्णय, उदाहरणार्थ पाळकाचं घर विकणं, या काळात घाईनं करू नयेत.

आणि निवडीची घाई करू नका. "कोणीही चालेल, पण लवकर पाठवा" हे वाक्य पंचांच्या तोंडी सहाव्या महिन्यात येतं. तोवर थकवा आलेला असतो. पण कोणीही चालत नाही. जाहिरात लिहिण्याआधी एक संध्याकाळ सगळ्या मंडळीनं बसून तीन प्रश्नांची उत्तरं काढावीत: आपल्याकडे खरोखर कोण येतं, आपण काय चांगलं करतो, आणि आपल्याला पाळक कशासाठी हवा आहे. पहिल्या उत्तरानं पुष्कळांना धक्का बसतो. कागदावर दोन हजार नावं असतात, रविवारी तीस माणसं असतात, आणि त्या तिसांत पाच घरं परदेशातून आलेली असतात.

आपल्या घरांचा वाटा

ही पाच घरं म्हणजे आपणही. आपल्या लोकांची एक खोड आहे. परक्या देशात आपण पाहुण्यासारखे मागच्या बाकावर बसतो. "त्यांचं चर्च आहे, त्यांचं ते पाहतील." पण नियम तसा नाही. बाप्तिस्मा झालेला प्रोटेस्टंट माणूस परदेशातून येऊन नावनोंदणीच्या वेळी, म्हणजे आनमेल्डुंगला, आपला धर्म इव्हांजेलिश म्हणून सांगतो, तेव्हा तो इथल्या मंडळीचा सभासद होतो. मग चर्चचा करही लागतो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. कर देणाऱ्याला मतही आहे. बुंडेस्टागच्या निवडणुकीला जर्मन पासपोर्ट लागतो, मंडळीच्या पंचांच्या निवडणुकीला लागत नाही. सभासद असणं आणि वय पुरेसं असणं, एवढंच लागतं. मतदानाचं वय बहुतेक प्रांतांत १४ आहे. म्हणजे ज्या बाईला या देशात दुसरं कुठलंच मत नाही, तिला आपला पाळक निवडणारे पंच निवडायचा हक्क आहे आणि स्वतः पंच म्हणून उभं राहायचाही.

भाषेचं काय, हा प्रश्न येतोच. शास्त्रपाठ वाचायला उभं राहिलं, की आपले उच्चार जर्मन कानाला वेगळे लागतात. लागू देत. पाळक नसलेल्या मंडळीला वाचणारे हात कमी पडत असतात आणि तीनदा वाचल्यावर लोक उच्चारांकडे लक्ष देत नाहीत, काय वाचलं तिकडे देतात. त्यातून ज्यांना बोलायचं नाही, त्यांच्यासाठी किल्ली सांभाळणं आहे, आजींना गाडीतून आणणं आहे, गेमाइंडेब्रीफ घरोघर टाकणं आहे. नाताळात आपल्या घरी पेटी काढून दोन मराठी भजनं होत असतील, तर त्यांतलं एक चर्चमध्ये म्हणायला हीच वेळ आहे. एरवी कार्यक्रम भरलेला असतो. या दिवसांत पंच स्वतःच शोधत असतात, की कोण काय करू शकेल.

जे ख्रिस्ती नाहीत, त्यांनीही शेजाऱ्याला एवढं विचारावं: "तुमच्याकडे पाळक नाहीत म्हणे, किंडरगार्टनच्या सभेला कोणी आहे का?" पुष्कळ पालकसभा अशाच काळात रिकाम्या जातात आणि मग निर्णय दोन माणसं घेतात.

नवा पाळक येतो तेव्हा

शेवटचा धोका सुखाचा असतो. नवा पाळक आला, फुलं दिली, फोटो निघाले, की सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि दीड वर्ष उचललेलं ओझं एका दिवसात त्याच्या डोक्यावर ठेवून घरी जातात. भेटी घेणाऱ्या बाई थांबतात, वाचणारे मागच्या बाकावर परत जातात. सहा महिन्यांत नवा माणूस दमतो आणि मंडळी म्हणते, "आधीचे बरे होते."

त्याआधी एक काम करावं. मधल्या काळात कोणी काय केलं, याची यादी नव्या पाळकाच्या हाती द्यावी आणि म्हणावं: "यांतलं आम्ही पुढेही करणार आहोत. तुम्ही सांगा, तुमच्याशिवाय काय होत नाही ते." चांगल्या पाळकाला याहून मोठी भेट नाही. रांचीच्या लोकांकडे १९१९ नंतर सल्लागार आले, पुढे जर्मन मित्रही परत आले. पण तोवर घर त्यांचं स्वतःचं झालं होतं आणि येणारा पाहुणा झाला होता. पाळक येतील आणि जातील. मंडळी मात्र आपणच आहोत.

आपल्यापैकी ज्या घरांनी असा मधला काळ पाहिला असेल, मग तो नगर-संगमनेरकडचा असो, वसईचा असो की इथला, त्यांनी चार ओळी जरूर लिहून पाठवाव्यात. पुढच्या अंकात जागा ठेवू.